पिशवीवाल्यांचं पोटापाणी

अहो वहिनी, परवा टीव्हीवर बीटिंग रिट्रीट बघताना तुम्ही विचारलंत ना, की काखेत पिशवी दाबून फुंकणारी ही माणसं एरवी पोटाला काय करतात? आपली तर लष्करातली, त्यांचा पगार सरकार देतं. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतसुद्धा आहेत की बॅगपाइपवाले! पण ज्यांच्याकडून हे वाद्य आलं, त्या स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या अव्वल वादकांनी पोटासाठी काय काय केलंय ते ऐकाल तर चाट पडाल. ती कोथिंबीर राहू द्या बाजूला, नंतर निवडा.

आधी सगळ्यात मानाची नोकरी सांगते. राणीचा पायपर. व्हिक्टोरिया राणीने १८४३ साली हे पद काढलं आणि पहिला नेमला अँगस मॅकाय. परवापरवाच्या एलिझाबेथ राणीपर्यंत या पदावरचा माणूस सकाळी नऊच्या ठोक्याला खिडकीखाली पाव तास वाजवायचा. २०२२मध्ये तिच्या अंत्यविधीला शेवटी वाजवत वाजवत लांब निघून गेलेला एकटा पायपर आठवतोय ना? तीच ही नोकरी. तर हा मॅकाय साधासुधा नव्हता. पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या जुन्या चिजा त्याने लिहून काढल्या, १८३८ साली त्यांचं पुस्तक छापलं. आजही दोन वादकांत वाद झाला की ‘मॅकायने काय लिहिलंय’ ते बघतात. पण १८५४च्या सुमाराला त्याचं डोकं फिरलं हो! म्हणायला लागला, राणीचं लग्न माझ्याशी झालंय, त्या आल्बर्टने, म्हणजे तिच्या खऱ्या नवऱ्याने, माझा हक्क बळकावलाय. लंडनच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, मग डम्फ्रीसला हलवलं. १८५९मध्ये तिथून पळाला आणि निथ नदीत बुडून मेला. एवढा हुशार माणूस. वाईट वाटतं.

दुसरा आपल्याच बाजूचा किस्सा. म्हणजे वायव्य सरहद्दीवरचा, १८९७चा. गॉर्डन हायलँडर्सची पलटण दरगाईच्या टेकड्यांवर चढत होती. पायपर जॉर्ज फिंडलेटरच्या पायात गोळ्या घुसल्या. गडी खाली बसला आणि बसल्या बसल्या वाजवतच राहिला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, राणीने स्वतः लावला. पण क्रॉसबरोबर मिळणारं वर्षासन किती माहितीये? वर्षाला १० पौंड! मग लंडनच्या नाट्यगृहांनी चांगले पैसे देऊ केले, तर हा रंगमंचावर जाऊन वाजवायला लागला. झालं! क्रॉस लावून तमाशा करतो म्हणून बड्या लोकांनी केवढा गहजब केला. मला विचाराल तर लाज त्या १० पौंडांची वाटायला हवी होती. पुढे शेती करून राहिला बिचारा.

नाही हो, सगळे काही लढाईतले नव्हते. बाल्मोरलचे दोघे बॉब घ्या. बॉब ब्राऊन आणि बॉब निकल. राजाच्या इस्टेटीवर नोकरीला. कामं काय, तर शिकारीला पाहुण्यांबरोबर डोंगर चढायचे, हरणांचा माग काढायचा, नदीवर मासे पकडणाऱ्यांची सरबराई करायची. आणि शिकायला जायचे इनव्हरनेसच्या जॉन मॅकडॉनल्डकडे. तो त्या काळातला गुरूंचा गुरू, १९५३मध्ये गेला. त्याची शिकवण्याची रीत ऐका. वही नाही, पुस्तक नाही. तो गाऊन दाखवायचा. प्रत्येक सुराला, प्रत्येक बारीक हरकतीला ठरलेलं अक्षर असतं, आपल्या तबल्याचे बोल असतात ना, तसं. आधी तोंडाने म्हणायचं, घशात बसलं की मग बोटात. त्याला ते लोक कॅन्टरख म्हणतात.

आणि हे लागतंच त्या वाद्याला. कारण बॅगपाइपला हळू-जोरात असं काही नसतंच. पिशवीत हवा आहे तोवर आवाज तोच, मध्ये थांबतासुद्धा येत नाही. सूर मोजून नऊ. मग एकच सूर लागोपाठ दोनदा वाजवायचा तर कसा? मध्ये निमिषभराचा दुसरा सूर टोचायचा. सगळी कारागिरी त्या टोचण्यात. जी मोठी गंभीर चीज असते, पीब्रोख म्हणतात तिला, तिच्यात आधी सावकाश मूळ चाल, मग तिच्यावर एकेक वाढत जाणारे फेरे, आणि शेवटी बोटं दिसेनाशी होतात. एकेक चीज पाव तासाची. आणि त्यातला ठहराव कागदावर येत नाही, म्हणून गुरू लागतो. या दोन बॉबांनी पुढे तेच केलं. दिवसा हरणं, संध्याकाळी शिष्य. जगभरातून पोरं यायची बाल्मोरलला. आजही एखादा म्हणाला की मी बॉब निकलकडे शिकलो, तर बाकीचे कान टवकारतात.

विली रॉसचं नाव घातलं नाही तर माझी गोष्ट अर्धी राहील. एडिंबराच्या किल्ल्यात लष्कराच्या पायपर-शाळेचा मास्तर, पहिल्या महायुद्धानंतर जवळजवळ चाळीस वर्षं. पण त्याला स्वतःला शिकवलं कोणी? त्याच्या आईने! आणि गंमत बघा, त्या बाईच्या जमान्यात बायकांनी मोठ्या स्पर्धेत उतरायची सोय नव्हती. ओबन आणि इनव्हरनेस इथली दोन सुवर्णपदकं म्हणजे त्यांच्यातलं सर्वोच्च. १९७०च्या दशकात समानतेचा कायदा आला तेव्हा कुठे दारं उघडली. ओबनचं सुवर्णपदक पहिल्यांदा बाईने जिंकलं ते २०१०मध्ये, फे हेंडरसनने. म्हणजे पदकवाले मुलगे घडवायला आई चालते, पदक घ्यायला नाही. आपल्याकडे काय वेगळं आहे म्हणा.

रॉसचा चेला जॉन बर्जेस. १९५०मध्ये सोळाव्या वर्षी दोन्ही सुवर्णपदकं एकाच मोसमात घेतली. सोळाव्या! आपला बंटी सोळाव्या वर्षी स्वतःचा टॉवेल वाळत घालत नव्हता. पण एवढं करून बर्जेसने पुढे काय केलं? सैन्य, मग एडिंबराची पोलिसातली नोकरी, आणि शेवटी उत्तरेकडच्या शाळाशाळांतून मुलांना शिकवणं.

आता खरी चुरचुरीत गोष्ट. शेमस मॅकनील. ग्लासगो विद्यापीठात भौतिकशास्त्राचा अध्यापक, आणि १९४४मध्ये मित्राला घेऊन यानेच ग्लासगोत ‘कॉलेज ऑफ पायपिंग’ काढलं. त्यांचं हिरवं शिकवणीचं पुस्तक जगभर पोचलं. मासिकही चालवलं त्याने, आणि लेखणी अशी तिखट की भल्याभल्यांना घाम फुटायचा. तर गॉर्डन डंकन नावाचा पोरगा पिटलॉक्रीकडचा. पोटासाठी नगरपालिकेच्या कचरागाडीवर. खरंच सांगते, कचरा उचलायचा! आणि वाजवायचा असं की नऊ सुरांत न बसणारे सूर काढायचा, पुढे तर एसी/डीसी या रॉक बँडचं गाणं पाइपवर आणलं. एका स्पर्धेत त्याचं वाजवणं ऐकून मॅकनीलसाहेब म्हणाले, याला काय पायपिंग म्हणायचं होय? डंकनने भांडण नाही केलं. १९९४मध्ये त्याची पहिली तबकडी आली, तिला नाव दिलं ‘जस्ट फॉर शेमस’. खास शेमससाठी! दोघांचंही मला पटतं. मॅकनीलसारखा राखणारा नसता तर डंकनला मोडायला काही उरलंच नसतं. पण आज तरुण पोरं वाजवतात त्या डंकनच्या चाली, हे खरं. २००५ साली तो गेला, जेमतेम एक्केचाळिशीत.

हो, हल्ली बरं आहे तसं. १९९६मध्ये ग्लासगोत एका जुन्या चर्चमध्ये नॅशनल पायपिंग सेंटर उघडलं, पायपिंगमध्ये पदवीसुद्धा मिळते आता. मॅकनीलचं कॉलेजही २०१८मध्ये त्यांच्यातच मिळालं. आणि स्टुअर्ट लिडेल! इनव्हरेरी हे एवढंसं गाव. तिथल्या शाळकरी पोरांना शिकवून त्याने पथक उभं केलं आणि २०१७मध्ये ते जागतिक अजिंक्यपद घेऊन आलं. मोठ्या शहरांची पथकं बघत राहिली.

बरं, तुमची पुतणी कॅनडात बर्नबीला ना? तिचा मुलगा शाळेत पाइप शिकू म्हणतोय, असं म्हणत होतात. मग त्याला दाराशीच गंगा आहे. स्कॉटलंडबाहेरचं पहिलं जगज्जेतं पथक कॅनडाचंच, १९८७चं, आणि बर्नबीच्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या पथकाने ली बंधूंच्या हाताखाली सहा वेळा अजिंक्यपद आणलं. तिला फोन केलात की एवढं सांगा. पिशवीचा सेट इतक्यात घ्यायचा नाही, पैसे पाण्यात जातील. नुसती शिकाऊ चँटर, म्हणजे बिनपिशवीची नळी, घ्यायची आणि निदान वर्षभर तीच वाजवायची. आवाजही कमी, शेजारीही सुखी. आणि शिकवणीची फी विचारण्याआधी मास्तरांना विचारायला सांगा, तुम्ही कोणाकडे शिकलात?