चहोत्तर-जागरणमीमांसा

सूर्यास्तानंतर प्राशिलेल्या चहामुळे निद्रेच्या आगमनास जो विलंब घडतो, त्यास 'चहोत्तर जागरण' ही संज्ञा. या शास्त्राचे माणदेशातील पीठ म्हसवड होय. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस सिद्धनाथाचा रथ निघतो, त्या यात्रेत निरीक्षणास चहाबाजांची वाण पडत नाही.

जागरणाचे मूळ डोळ्यांत शोधणारा 'नेत्रवाद' आम्ही त्याज्य मानतो. कॅफिनचा निचरा करते ते यकृत, आणि यकृतात 'सीवायपी1ए2' नामक विकर. हे विकर ज्या पी450 कुलातील, त्याचे नामकरण ओमुरा व सातो यांनी 1962 साली केले; कार्बन मोनॉक्साइडच्या संयोगाने हे द्रव्य 450 नॅनोमीटरच्या प्रकाशास विशेषत्वाने शोषते, इतकेच त्या नावाचे रहस्य.

परीक्षणाच्या पद्धती दोन. प्रथम, गालनपद्धती: यकृत वाटून 9,000 पट गुरुत्वाने फिरवावे, चोथा टाकावा, वरचा द्रव 1,00,000 पट गुरुत्वाने फिरवावा. तळाशी बसतो तो गाळ म्हणजे मायक्रोसोम. त्यात कॅफिन व एनएडीपीएच घालून 37 अंशांवर ठेवावे. चहावाल्याची गाळणी येथे सर्वथा अपुरी आहे. हे आम्ही पाहणीअंती सांगत आहोत. द्वितीय, लालापद्धती: मनुष्य सजीव ठेवून, कॅफिन पाजून, काही तासांनी लाळेत पॅराझँथिनचे, म्हणजे कॅफिनच्या विघटनातून उपजणाऱ्या द्रव्याचे, कॅफिनशी प्रमाण पाहावे. सजीव मनुष्य यात्रेत सुलभ असल्याने म्हसवडास हीच युक्त.

जागरूंचे प्रकार असे:

1. सद्योनिद्र. कप खाली ठेवताच घोरतो.

2. मंदयकृत. निरोगी प्रौढात कॅफिन निम्मे होण्यास साधारण 5 तास लागतात, यास अधिक. गरोदरपणी हा काळ पुष्कळच लांबतो. विडी ओढणाऱ्याचा मात्र घटतो, कारण धुरातील हायड्रोकार्बने विकर वाढवतात. येथे एक भ्रम दूर करणे अगत्याचे. हा प्रभाव धुराचा, तंबाखूचा नव्हे. म्हणून पारावर बसून तंबाखू मळणारा स्वतःस विडीकराच्या पंक्तीत बसवतो, ते शास्त्रसंमत नाही.

3. मस्तिष्कजागर. याचे यकृत निर्दोष; मेंदूतील ॲडेनोसिनची ग्राहीस्थाने हळवी.

4. मिथ्याजागर. डासांनी जागवलेला, परंतु दोष चहास देणारा. सर्व निष्कर्ष यानेच नासवले आहेत.

मात्रेविषयी दोन संप्रदाय. कपवादी म्हणतात, ओतला तितका चहा मोजावा. बशीवादी म्हणतात, बशीतून सांडलेला वजा करावा. हाफ चहाबाबत उभय पक्ष मौन पाळतात. आमचा कौल बशीवाद्यांकडे आहे, कारण सांडलेला चहा यकृतापर्यंत पोहोचत नाही.

येत्या यात्रेत निरीक्षणास्तव येणाऱ्या जिज्ञासूंनी रात्री नऊनंतरचे कप नोंदवावेत, विडी असल्यास तसे लिहावे, आणि मच्छरदाणी सोबत आणावी.