पर्लकोटेच्या अलीकडे

आलापल्लीच्या चौकात टपरीवाल्याने माझ्या सायकलीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"केवढ्याची गा भाऊ?"

मी किंमत निम्मी करून सांगितली. बायकोला सांगितली होती तीच.

"आन् येवढ्यात मडगार्ड नाही दिला?"

"हिला नसतो."

"स्टँड?"

"तोही नसतो."

"घंटी तरी?"

मी २१ गिअर असल्याचं सांगितलं. त्याने चहा जरा जास्तच ओतला आणि पैसे घेतले नाहीत. फसलेल्या माणसाशी आमच्या विदर्भात असंच वागतात.

ऑगस्टात एकट्याने सायकलवर भामरागड, असं मी नागपुरात चारचौघांत बोलून बसलो होतो, आता मागे फिरायची सोय नव्हती. घरच्यांना भीती होती नक्षलवाद्यांची. मला पहिल्या तासातच भीती वाटू लागली ती चढांची. आलापल्ली ते भामरागड हे साठ-पासष्ट किलोमीटर नकाशात अगदी इस्त्री केल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात रस्ता चढतो, उतरतो, पुन्हा चढतो, आणि उतारावर कमावलेला वेग नेमका खालच्या खड्ड्यात जमा करावा लागतो. वाटेत 'वनवैभव' लागतं. शेकडो वर्षांचे साग तिथे जपून ठेवलेत, २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जाही मिळाला. सागांच्या शेंड्याकडे बघत मी बराच वेळ थांबलो. धाप लागली होती हे कुणाला सांगायची गरज नाही.

मडगार्डाचं म्हणणं तोवर पटायला लागलं होतं. मागचं चाक तांबडा चिखल उचलून माझ्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत सरळ रेघ ओढत होतं. वरून पाऊस ती धुवायचा, चाक पुन्हा ओढायचं. एका बांधीत रोवणी चालली होती. पऱ्ह्याची जुडी हातात घेतलेली एक बाई सरळ झाली, मी पुढे गेल्यावर माडियात काहीतरी बोलली आणि अख्खी रांग हसली. मला माडिया येत नाही. पण मडगार्ड हा शब्द सगळ्या भाषांत सारखाच आहे.

पेरमिलीच्या पुढे एका रपट्यावरून घोटाच्या वर पाणी वाहत होतं. गिअर कुठला टाकावा याचा विचार करत उभा राहिलो, तेवढ्यात मागून एक माडिया गृहस्थ आले. जुनी काळी सायकल, कॅरिअरला तांदळाचं पोतं, पोत्यावर प्लास्टिक. "जोहार" झाला. त्यांनी आधी पोतं पलीकडे नेलं, मग स्वतःची सायकल खांद्यावर घालून नेली, मग परत येऊन काही न विचारता माझी एका हाताने उचलली.

"चांगली आहे दादा," पलीकडे ठेवत ते म्हणाले. मी सुखावलो. सकाळपासूनचा पहिलाच चांगला शब्द. "उचलायले."

ठेवली आणि ती पडली. स्टँड नव्हता ना.

हेमलकशाला पोहोचलो तेव्हा माझ्यातून पाणी निथळत होतं. इथे १९७३ साली बाबा आमट्यांचा लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला, तेव्हा पावसाळा लागला की बाहेरच्या जगाशी संबंधच तुटायचा. याच बाबा आमट्यांनी १९८५ साली 'भारत जोडो' म्हणत सायकलवाल्या तरुणांना कन्याकुमारीहून काश्मीरला नेलं होतं, पाच हजारांवर किलोमीटर. मी साठांत गारद झालो होतो. पण भामरागड आता फक्त तीन किलोमीटर.

तीन किलोमीटरवर पर्लकोटा नदी होती. पुलाच्या जागी नुसतं पाणी. पलीकडे गावाची छपरं दिसत होती.

मोबाइल सांगत होता : भामरागड, हलक्या सरी. त्याचंही खरंच होतं. इथे सरीच पडत होत्या. पडायचं ते बस्तरात पडून गेलं होतं. ओडिशातून निघालेली इंद्रावती तिकडचं सगळं पाणी घेऊन येते. पर्लकोटा आणि पामुलगौतम तिला भामरागडला मिळतात, आणि ती फुगली की या दोघींना पुढे जायला वाव देत नाही. मग त्यांचं पाणी मागे सरतं आणि थेट बाजारपेठेत शिरतं. पाऊस एका राज्यात, पूर दुसऱ्यात.

"कधी उतरेल?" काठावर छत्री धरून बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं.

"उतरल तवा." मग त्यांनी माझ्या पाठीकडे पाहिलं. "मडगार्ड नाही का गा?"

दोन दिवस थांबलो. भातासोबत वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी दोन्ही वेळा खाल्ली, तिसऱ्यांदाही मागितली. पाणी वीतभर उतरायचं आणि रात्रीतून हातभर चढायचं. तिसऱ्या दिवशी सायकल एसटीच्या टपावर चढवली. कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं.

भामरागड मी पाहिलं ते अलीकडच्या काठावरून. मडगार्ड नागपुरात साडेतीनशे रुपयांना मिळाला, घंटी त्यांनी फुकट दिली.