कुंपणापलीकडचा 'आ'

"अगं ए, तुझ्या पोराला काही होतंय का? सकाळपासून नुसता 'आ' करून ओरडतोय."

काकू कुंपणावर गोधडी पसरत होत्या. पाचगणीत चार दिवसांनी ऊन पडलं की आमच्या गल्लीत आधी गोधड्या बाहेर येतात, मग माणसं.

"ओरडत नाही हो, रेकॉर्डिंग चाललंय. त्यांच्या बँडचा अल्बम यायचाय. एकच 'आ' वीस-पंचवीसदा गातो आणि एकावर एक चढवतो. ऐकणाऱ्याला वाटतं, अख्खी फौज गातेय."

"मग फौजच बोलवायची की."

"आणि चहा कोण करणार?"

हे काकूंना पटलं.

"शिवाय हे खूळ काही त्याचं नाही. आपल्या सेंट पीटर्समधल्या फारुख बुलसाराचं. तोच तो, फ्रेडी मर्क्युरी."

"तो पारशी मुलगा? शाळेतही बँड होता म्हणे त्याचा."

"होता ना, 'हेक्टिक्स' नावाचा. पण मी सांगतेय ती गोष्ट १९७५ची. तोवर त्याच्या क्वीन या बँडचे तीन अल्बम येऊन गेलेले, नाव झालेलं आणि खिसे मात्र रिकामे. सगळा राग जुन्या मॅनेजरवर. चौथ्या अल्बमचं पहिलंच गाणं त्याला शिव्या घालणारं!"

"छापून शिव्या? बरं केलं." काकूंनी गोधडीचं टोक झटकलं. "पुढे?"

"एक दिवस त्यांचा प्रोड्यूसर रॉय थॉमस बेकर फ्रेडीच्या घरी आलेला. फ्रेडीने त्याच अल्बमचं एक गाणं पियानोवर थोडं वाजवून दाखवलं, मध्येच थांबला आणि म्हणाला, आता इथे ऑपेरा येणार. झालं, दोघं जेवायला बाहेर पडले."

"ऑपेरा म्हणजे आपल्या संगीत नाटकासारखं?"

"तसंच समजा. ऑगस्टमध्ये वेल्समधल्या रॉकफील्डला सगळे जमले. मूळची दुभत्या गुरांची शेतवाडी, तिथेच स्टुडिओ. आधी पियानो, बास आणि ड्रम्स वाजवून घेतले. ऑपेराच्या वाट्याला मध्ये थोडी कोरी टेप सोडली. पण फ्रेडी रोज येऊन म्हणणार, गाण्यात आणखी एक 'गॅलिलिओ' गाऊ या! की टेप पुन्हा वाढवा."

"पाव्हणे वाढले की आमटीत पाणी, तसं."

"इथे पाणी कुठलं, गळेच लागत होते. आणि गाणारे तिघंच. वरचा सूर ड्रमवाल्या रॉजर टेलरचा, मधला फ्रेडीचा, खालचा गिटारवाल्या ब्रायन मेचा. चौथा, जॉन डीकन, गातच नसे. हे तिघं रोज दहा-बारा तास माइकपुढे. टेपवर पट्ट्या चोवीसच. त्या भरल्या की चार-सहा पट्ट्यांवरचं गाणं एकीवर उतरवायचं, मोकळ्या झालेल्यांवर पुन्हा गायचं. असे १८० थर चढले म्हणतात."

काकूंनी हातातली गोधडी निरखून पाहिली. सहा लुगड्यांची असेल.

"मग विरली असेल की ती टेप."

मी बघतच राहिले. "अहो, विरलीच! टेपवर तपकिरी लेप असतो, आवाज त्यातच साठतो. पुन्हा पुन्हा फिरवून तो इतका झिजला की टेप उजेडात धरली तर आरपार दिसायला लागलं."

"जुन्या लुगड्याचंही तेच होतं. आम्ही वेळीच खाली नवं अस्तर लावतो."

"त्यांनीही घाईने नव्या टेपवर उतरवून घेतलं. अजून एक सांगू? त्याच अल्बममधल्या दुसऱ्या गाण्यात टॅप डान्सचा आवाज आहे. नाचलं कुणीच नाही. फ्रेडीने आणि रॉजरने बोटांत अंगुस्तानं घालून मिक्सरच्या टेबलावर टपटप केलं."

"अंगुस्तानं? अगं बाई!" काकूंनी स्वतःच्या बोटातलं अंगुस्तान कुंपणाच्या पत्र्यावर वाजवून पाहिलं. टक टक. आवाज बरा आला. पुन्हा वाजवलं.

"मग कंपनी म्हणाली, हे ऑपेरावालं सहा मिनिटांचं गाणं रेडिओवाले कशाला लावतील? यांनी एक प्रत केनी एव्हरेट नावाच्या रेडिओवाल्या दोस्ताला दिली. त्याने दोन दिवसांत चौदा वेळा लावली. पुढे नऊ आठवडे ब्रिटनमध्ये पहिला नंबर."

"आणि पैसे कुणाला मिळाले?" काकूंचा खरा प्रश्न नेहमी शेवटी येतो.

"खरी गंमत तिथेच. रॉजरचं गाडीवरचं एक गाणं होतं. ते याच गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला घ्या म्हणून तो कपाटात कोंडून घेऊन बसला म्हणतात. घेतलं शेवटी. रेकॉर्ड खपली की दोन्ही बाजूंच्या गाण्यांना सारखाच मोबदला. फ्रेडीला जेवढे, तेवढेच त्याला."

"शहाणा गं! आमच्या धाकट्या दिरांनी वाटणीच्या वेळी…" आतून पुन्हा 'आ' आला, या वेळी अर्धा सूर वर. काकूंनी कपाळाला हात लावला. "तुझ्या त्या फ्रेडीला तेवढ्या मधल्या तुकड्याला दिवस किती लागले?"

"तीन आठवडे."

काकू गोधडी तशीच टाकून घरात गेल्या. थोड्या वेळाने पिशवी घेऊन बाहेर आल्या, कुलूप ओढून पाहिलं.

"मी साताऱ्याला मुलीकडे जाऊन येते. गोधडी तेवढी संध्याकाळी उचलून ठेव, दव पडतं."