मातीचा वास

वाईन बनवणं म्हणजे मुख्यतः धुणीभांडी. टाक्या धुवा, पाइप धुवा, पंप धुवा, परत टाक्या. दिंडोरीकडच्या आमच्या छोट्या वायनरीत जानेवारी ते मार्च तोडणी चालते. ऊन चढायच्या आत क्रेट भरायचे. द्राक्षातली साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 23 ब्रिक्स दिसले की मालकांचा चेहरा खुलतो आणि आमची कंबर धरते. शनिवारी मुंबई-पुण्याचे पाहुणे पैसे मोजून द्राक्षं तुडवतात. (त्या रसाची वाईन होत नाही, हे तिकिटावर छापलेलं नसतं.) परवा एकजण ग्लास फिरवत डोळे मिटून म्हणाले, "अहाहा, ओल्या मातीचा गंध!" येणारच. बागेतून थेट येऊन मी शेजारीच उभा होतो.

आई मात्र अजून शेजारणीला सांगते, पोरगा ज्यूसच्या कारखान्यात आहे.