शेवंतीला झोपू द्या जी!

नागपुरातल्या सदरच्या कुठल्याही गल्लीत शिरा, एका तरी गच्चीवर हा गृहस्थ सापडेलच. साठी उलटलेली, हिशेबाच्या खात्यातून निवृत्त, हातात खुरपं, डोक्याला ओला दुपट्टा. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलेलं. गल्लीच्या लेखी ते बागवाले काका.

काकांचं वर्ष २५ मेला, म्हणजे नवतपा, उन्हाचे ते नऊ जाळते दिवस, लागला की सुरू होतं. सारं नागपूर खिशात कांदा घालून सावली शोधत असताना काका भर दुपारी गच्चीवर कुंड्या रिकाम्या करत असतात. माती ओली करायची, पसरायची, वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा विटांनी दाबायच्या. आतली बुरशी, सूत्रकृमी, किडींची अंडी, सगळं उन्हानं खलास. औषध नाही, खर्च नाही. मध्येच वळवाची सर आली की गल्ली हुश्श करते आणि काका घरात कुणी गेल्यासारखे बसून राहतात. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान होतं. तो दिवस लोकांना उष्माघाताच्या बातम्यांनी आठवतो. काका म्हणतात, ‘‘तशी माती पुन्हा नाही तापली, बाप्पा!’’

वरच्या मजल्यावर नोकरी करणारं तरुण जोडपं भाड्यानं राहतं. त्यांच्या एसीची नळी काकांनी स्वखर्चानं लांबवून खाली बादलीत सोडली आहे. पण मे महिन्यात बादलीचा तळसुद्धा ओला होत नाही. काकांना संशय येतो.

‘‘एसी लावून नाही राहिले का तुम्ही?’’

‘‘काका, दिवसरात्र चालू आहे.’’

‘‘मग पाणी काऊन नाही?’’

आता नागपूरची मे महिन्यातली हवाच इतकी कोरडी, की एसीनं तिच्यातून निचरायचं तरी काय? पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांत खोट शोधली, ते हवेवर विश्वास कसा ठेवतील? मग जुलै येतो, हवा दमट होते, बादली भरून वाहू लागते आणि नेमक्या तेव्हा कुंड्याही पावसानं तुडुंब असतात. काका पुन्हा जिना चढतात. ‘‘आता कशाले एसी? हवा पाहा किती मस्त सुटून राहिली!’’ त्या जोडप्यानं अजून घर बदललेलं नाही, हे सदरच्या भाडेकरूंच्या सोशिकपणाचं लक्षण मानावं लागेल.

काकांचा जीव अडकलाय तो मोठ्या पिंपातल्या संत्र्यात. कुंडीत कुठं संत्रं येतं का, असं कुणी विचारलं की ते थेट भोसल्यांच्या दरबारात शिरतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्या रघुजीराजांनी औरंगाबादहून संत्रं आणून आधी आपल्या बागेत लावलं, असं सांगतात. ‘‘म्हणजे नागपुरी संत्र्याची सुरुवातच मुळी घरच्या बागेतली. आज राजे नाहीत, गच्ची आहे.’’ मृग बहार धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. झाड कोमेजतं, पानं गाळतं आणि पाऊस पडला की घाबरून फुलतं. काकांनी मेमध्ये पाणी तोडलं, वहीत तारीख टाकली. काकूंना मात्र ते मलूल झाड बघवेना. रोज संध्याकाळी तुळशीला पाणी घालताना उरलेला अर्धा तांब्या त्या गुपचूप पिंपात ओतत आल्या आहेत. झाडाला ना धड ताण, ना धड पाणी. बहार काही येत नाही आणि काका दरवर्षी झाडाची दोन पानं पिशवीत घालून महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात निदान विचारायला जातात. काकू पिशवी हातात देतात आणि गप्प राहतात.

पावसाळ्यातली बरबटी, दोडकी, ढेमसं यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ती कुणालाही येतात. रोपं उरतात आणि ती शेजाऱ्यांना घ्यावी लागतात, एवढंच. जास्वंदावर मात्र पांढरा मिलीबग चढतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं शहर मारबतीच्या पुतळ्यासमोर आपापल्या पीडा ओरडतं. कुणी महागाई, कुणी भ्रष्टाचार. सदरहून खास इतवारीकडं गेलेले काका गर्दीत टाचा उंचावून ओरडतात, ‘‘मिलीबग घेऊन जा गे मारबत!’’ बाजूचा माणूस हा कुठला पुढारी म्हणून विचारात पडतो.

खरा तमाशा भादव्यापासून. शेवंतीचे शेंडे जुलै-ऑगस्टमध्ये खुडून झालेले असतात. आता तिला हव्या असतात लांब, काळोख्या रात्री. रात्री उजेड पडला तर तिला दिवस अजून मोठाच वाटतो आणि ती कळ्या धरत नाही. आणि काकांच्या फाटकासमोर पांढराफटक एलईडीचा दिवा! रोज सहाच्या ठोक्याला काका शेवंतीवर काळं कापड पांघरतात, सकाळी काढतात. नवरात्रात तर मंडळाचा हॅलोजन नेमका गच्चीवर.

‘‘तो लाईट तिकडं फिरव बे!’’

‘‘काऊन काका?’’

‘‘शेवंतीले झोपू द्या जी!’’

पोरं हसली, पण दिवा फिरवला. देवीच्या उजव्या हाताला थोडा अंधार पडला, तो मंडळानं चालवून घेतला.

या साधनेत काकांना एकच सोबतीण. चर्चजवळच्या बंगलीतल्या ख्रिस्ती आजी. त्यांना नाताळपर्यंत पॉइन्सेटियाची पानं लालभडक हवी असतात आणि त्यालाही ऑक्टोबरपासून रोज तेरा-चौदा तास गडद अंधार लागतो. आजी संध्याकाळी कुंडी कपाटात ठेवतात. मंगळवारी बाजारात दोघं भेटले की सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी हातात धरून बोलणं सुरू होतं.

‘‘तुमचं किती वाजता झोपतं?’’

‘‘पाचला. मधे उठवायचं नाही, बिघडतं.’’

भाजीवाली अजून समजते की यांच्या घरी तान्ही नातवंडं आहेत.

यंदा दिवाळीला शेवंती अशी फुलली की गल्ली बघायला आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी काकू परडी घेऊन गच्चीवर गेल्या. ‘‘अजिबात नाही,’’ काका आडवे उभे. ‘‘तोडली की गेली.’’ काकूंनी परडी खाली ठेवली, सीताबर्डीच्या नेताजी फूल मार्केटमधून सणाच्या भावानं पावशेर शेवंती आणली आणि बिल काकांच्या पुढ्यात ठेवलं. काकांनी चष्मा लावला, भाव वाचला, पुन्हा वाचला. मग गच्चीवर जाऊन न तोडलेल्या फुलांचा अंदाज घेतला, भावाशी गुणाकार केला आणि ती सगळी रक्कम वहीत बागेचं उत्पन्न म्हणून जमा केली. बिल घरखर्चात.