रेषेबाहेरचा माणूस

फुटबॉलचा मॅनेजर ओळखायला सोपा असतो. बावीस जण मैदानात धावत असतात आणि तेविसावा रेषेबाहेर उभा राहून त्या सगळ्यांपेक्षा जास्त दमतो. चेंडूला त्याचा पाय लागत नाही, पण सामना संपल्यावर घसा त्याचाच बसलेला असतो. चौथ्या पंचाच्या हातात बदली खेळाडूंची पाटी सोडून फारसं काही नसतं, तरी हा नव्वद मिनिटं त्याच्याशीच भांडतो. जिंकला की 'सगळं श्रेय पोरांचं', हरला की 'जबाबदारी माझी', आणि लगेच त्याच दमात रेफ्रीचा उद्धार.

यातलं निम्मं नाटक असतं. मँचेस्टर युनायटेडचे अॅलेक्स फर्ग्युसन संघ मागे पडला की शेवटच्या मिनिटांत घड्याळावर बोट आपटायचे. बघणाऱ्याला वाटे, केवढा हिशेबी माणूस! निवृत्तीनंतर साहेबांनीच सांगून टाकलं, की घड्याळात आपण बघतच नव्हतो. समोरच्या संघाच्या पोटात गोळा आला की काम झालं.

आपल्याकडे रात्री जागून सामने बघणाऱ्या प्रत्येकाला हे काम आपल्याला जमेल असं वाटतं. 4-3-3 लावावं की 3-5-2, यावर तो कटिंगच्या एका ग्लासात तासभर बोलू शकतो. पण यशस्वी मॅनेजरची खरी विद्या फळ्यावर नसते. कुणाला झापायचं, कुणाला गोंजारायचं आणि कुणाचं काय दिसलंच नाही असं दाखवायचं, एवढीच ती विद्या. ऐकायला सोपी आणि करायला महाकठीण.

फर्ग्युसन ग्लासगोच्या गोव्हन या जहाजबांधणीच्या भागातले. तरुणपणी कारखान्यात काम केलेले, शिकाऊ कामगारांच्या संपात पुढे असलेले. चिडले की खेळाडूच्या नाकाला नाक भिडवून असे गरजत, की त्या प्रकाराला खेळाडूंनी 'हेअरड्रायर' नाव ठेवलं. फेब्रुवारी 2003 मध्ये आर्सेनलकडून हरल्यावर त्यांनी लाथाडलेला बूट थेट त्यांच्याच संघातल्या डेव्हिड बेकहॅमच्या भुवईवर बसला. आता दुसरी बाजू बघा. जानेवारी 1995 मध्ये युनायटेडच्याच एरिक कँटोनाने चक्क एका प्रेक्षकाला लाथ घातली. पुढे बंदीला कंटाळून तो इंग्लंड सोडायला निघाला, तेव्हा हेच फर्ग्युसन पॅरिसला जाऊन त्याची समजूत घालून आले. 1996 च्या एफए कप अंतिम सामन्यात कर्णधार कँटोना होता आणि एकमेव गोलही त्याचाच. दोन्ही लाथाच, पण न्याय माणूस पाहून.

खेळाडूंना वाचवायचं तर दोष दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात घालावा लागतो. एप्रिल 1996 मध्ये साउथॅम्प्टनला मध्यंतरापर्यंत युनायटेडवर तीन गोल चढले. फर्ग्युसनना गुन्हेगार सापडला: करडे शर्ट! त्या रंगात खेळाडू एकमेकांना दिसत नाहीत, म्हणे. सगळा संघ कपडे बदलून आला आणि 3-1 असा हरला. लीग मात्र त्या वर्षी त्यांनीच जिंकली. शर्टाने तक्रार केली नाही.

दुसरे मॅनेजर ब्रायन क्लफ, यांची तऱ्हा आणखी न्यारी. 1974 मध्ये लीड्सच्या विजेत्या संघात गेले आणि खेळाडूंना म्हणाले, तुमची पदकं कचऱ्यात टाका, ती लबाडीने मिळवलेली आहेत. 44 दिवसांत क्लबने साहेबांनाच बाहेर काढलं. पुढे नॉटिंगहॅम फॉरेस्ट हा दुसऱ्या विभागातला संघ त्यांनी हातात घेतला, 1978 मध्ये लीग जिंकली आणि 1979, 1980 असा लागोपाठ दोनदा युरोपियन कप. जीभ तीच होती. फक्त आता शेजारी सहायक म्हणून पीटर टेलर होते, आणि समोर जॉन रॉबर्टसनसारखे, सुटलेल्या अंगाचे, सिगारेट ओढणारे, कुणी हिऱ्यांत न मोजलेले खेळाडू. इंग्लंडचा पहिला दहा लाख पौंडांचा खेळाडू ट्रेव्हर फ्रान्सिस याला मात्र त्यांनी पत्रकारांसमोर आणलं ते हातात स्क्वॉशची रॅकेट घेऊन. तू महाग असशील, पण माझी खेळायची वेळ झाली!

1979 च्या लीग कप अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री याच क्लफनी खेळाडूंना झोपू न देता शॅम्पेन पाजली. दुसऱ्या दिवशी संघ आधी एका गोलने मागे पडला, मग 3-2 जिंकला. म्हणून ते मानसशास्त्र ठरलं. हरला असता, तर हीच हकीकत बडतर्फीच्या पत्रात पहिल्या ओळीत आली असती.

तेव्हा मॅनेजरच्या लकबी उचलू नका. च्युइंगगम चघळून कुणी फर्ग्युसन होत नाही. एवढं करून पाहा: घरातल्या चार माणसांना, मोबाइल बाजूला ठेवून, रात्री आठच्या ठोक्याला एका वेळी जेवायला बसवा, आणि तेही कुणी न रुसता. जमलं, तर फुटबॉल संघ हाती घ्यायला हरकत नाही.