निकाल राखून ठेवला

माझ्या फुवांच्या दुष्टांच्या यादीत माझ्या वडिलांचं नाव रावणाच्या वर होतं. ‘होतं’ म्हणायचं कारण रावण पुढं अपिलात सुटला. शकुनी सुटला, दुर्योधन सुटला, ‘सामना’तला हिंदुराव धोंडे पाटीलसुद्धा सुटला. जळगावात पिंप्राळ्याला राहणारा, बँकेतून रिटायर झालेला, रोज सकाळी नातवाला शाळेच्या रिक्षात बसवून देणारा एक गृहस्थ तेवढा आत राहिला. लाल शाईनं, शिक्क्यासकट.

फुई म्हणजे आमच्याकडं आत्या आणि फुवा म्हणजे तिचे यजमान. पण धुळ्यात, देवपुरात, त्यांना फुवा म्हणणारा मी एकटाच. बाकी सगळ्यांचे ते जिभाऊ. बेताची उंची, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं – एक निळं, एक लाल – आणि आवाज असा, की ते पांझरेच्या या काठावर खोकले तर त्या काठावरचा माणूस म्हणतो, “जिभाऊ उठनात.”

तो आवाज हीच त्यांची नोकरी. 31 वर्षं ते कोर्टात पट्टेवाले होते. व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करायचा. नाव तीनदा घ्यायचं, माणूस आला तर आत सोडायचा, नाही आला तर मान हलवायची. आत काय झालं हे दाराच्या फटीतून कळायचं तेवढंच. “इतकी वर्सं नावं म्या पुकारली, निकाल मात्र दुसऱ्यानं दिला,” असं ते म्हणत, तेव्हा त्यात गंमत किती आणि ठणका किती हे कळत नसे. रिटायर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आग्रा रोडवर जाऊन लाल कापडी पुठ्ठ्याचं एक लांबडं रजिस्टर आणलं आणि एक रबरी शिक्का करून घेतला. शिक्क्यावर एकच शब्द : अट्टल.

पण आरोपी कुठून आणायचे? ते 2020 सालानं पुरवले. लॉकडाऊनमध्ये पांझरेकाठचं सकाळचं फिरणं बंद पडलं आणि फिरणाऱ्या मंडळींचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप झाला. त्याच ऑगस्टमध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ सुरू झाली. गावानं देव मानलेला डॉक्टर तोतया निघतो आणि बायकांचे मुडदे पाडतो, हे रोज रात्री बघून सकाळी मंडळी ग्रुपवर हमरीतुमरीवर येऊ लागली. कोणी म्हणे, हा माणूस नव्हेच. कोणी म्हणे, त्याच्या लहानपणी काहीतरी झालं असणार. एका सकाळी जिभाऊंनी व्हॉइस मेसेज टाकला. तो मोबाइल कानापासून हातभर लांब धरून ऐकावा लागला. “असं भांडू नका. नियम ठरवा. मग पुकारा करू.”

आणि नियम ठरले. पाच कलमं, जिभाऊंच्या अक्षरात, रजिस्टरच्या पहिल्या पानावर.

पहिलं : गुन्हा त्या कथेच्या मानानं भारी पाहिजे. जिथं सगळेच तलवारी घेऊन हिंडतात तिथं एकानं चार मुंडकी उडवली तर ते विशेष नव्हे. पण जिथं सासूनं भाजीत जास्तीचं मीठ टाकणं हाच कळस असतो, तिथं मीठसुद्धा धरायचं. दुसरं : आपण काय करतोय हे आरोपीला कळत होतं का? वेडा, शापित, मंतरलेला असेल तर बाद. तिसरं : कोणावर तरी त्याचा जीव होता का, आणि त्याच्यावर कोणाचा? चौथं : पस्तावा झाला का? पाचवं : तो हसवतो का? हसवणारा कितीही मुडदे पाडो, अट्टल नव्हे.

पाचव्या कलमानं ‘झपाटलेला’तला तात्या विंचू पहिल्याच तारखेला सुटला. सिनेमा 1993चा, पण आमच्या पिढीतली पोरं अजूनही खुंटीवरच्या बाहुल्याकडं पाठ करून झोपत नाहीत. त्यामुळं या निकालावर मी हरकत घेतली. जिभाऊंनी चष्म्यावरून बघितलं. “बाहुल्याला आरोपी करता येत नाही. फार तर तो मुद्देमाल.” आणि रजिस्टरात तशी नोंद झाली : रामदास पाध्यांचा बाहुला, नग एक.

रावणाच्या वेळी ग्रुपमधल्या एका माजी मास्तरांनी वकीलपत्र घेतलं. रावण म्हणजे वैकुंठाच्या दारावरचा जय. सनकादिकांच्या शापानं तीन जन्म दैत्य होऊन आलेला. जिभाऊंना हा मुद्दा चटकन पटला, कारण असले आदेश त्यांनी नोकरीत पुष्कळ वाटले होते. “म्हणजे तो डेप्युटेशनवर आलेला. मूळ आस्थापना वैकुंठाची. मग आपल्याला अधिकारच नाही.” कंस आणि शिशुपाल यांच्या बाबतीत मास्तरांनी भागवत काढलं : वैरानं का होईना, अष्टौप्रहर देवाचंच चिंतन. पूतनेनं तर विष पाजायला का होईना, छातीशी धरलं, म्हणून तिला आईची गती मिळाली. त्या रात्री तीन आरोपी एकदम सुटले आणि ग्रुपमध्ये नाराजी पसरली. असंच चाललं तर शिक्का वाळून जायचा.

मास्तरांचा आवडता दाखला मात्र धुळ्याचाच. 1932 साली इथल्याच तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. “सोळावा अध्याय 5 जूनला झाला. दैवी आणि आसुरी. त्यात आसुरी माणूस खाली खालीच जातो. पण नववा झाला 17 एप्रिलला. त्यात केवढाही दुराचारी वळला तर त्याला साधूच म्हणा. आता जिभाऊ, कोणता धरायचा?”

जिभाऊंनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी रोजनाम्यात लिहिलं : “दोन्ही अध्याय दाखल करून घेतले. सोळावा आरोपासाठी, नववा जामिनासाठी.”

गब्बरसिंगाचं प्रकरण सगळ्यात लांबलं. इथं ना शाप, ना पस्तावा, ना माया. कोवळं पोरगंसुद्धा सोडलं नाही, ठाकूरचे दोन्ही हात तोडले. एका सभासदानं बिस्किटांचा मुद्दा काढला : पिक्चर चालल्यावर हाच गब्बर जाहिरातीत पोरांना ग्लुकोज बिस्किटं विकत होता, त्याचं काय? जिभाऊ म्हणाले, “कथेबाहेरचा पुरावा चालत नाही. नट वेगळा, आरोपी वेगळा.” हा नियम त्यांनी निळू फुल्यांच्या हिंदुरावाच्या वेळीच घालून दिला होता. जिभाऊंच्या आई टीव्हीवर निळू फुले दिसले की पदर सावरून स्वयंपाकघरात जायच्या. आणि खरा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलातला.

तर गब्बरवर शिक्का बसणार हे नक्की झालं. शाईचं पॅड उघडलं. तेवढ्यात कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीनं माहिती दिली, की ‘शोले’च्या मूळ शेवटात ठाकूर गब्बरला ठार मारतो, पण सेन्सॉरनं तो बदलायला लावला, म्हणून 15 ऑगस्ट 1975ला पडद्यावर आलेल्या पिक्चरमध्ये त्याला पोलीस घेऊन जातात.

जिभाऊंनी शिक्का खाली ठेवला. “पोलीस घेऊन जातात? मंग पुढं? चार्जशीट? सुनावणी? निकाल कुठाय?” निकाल कुठं नव्हताच. जिभाऊंनी निळ्या पेनानं लिहिलं : “प्रकरण न्यायप्रविष्ट. शिक्का मारता येत नाही.” भारतातला सगळ्यात मोठा डाकू पन्नास वर्षं तारखेवर आहे, हे त्यांना मुळीच चमत्कारिक वाटलं नाही.

याच मुलीनं त्यांना सांगितलं, की जगभरात सिनेमा-कॉमिक्सवाली पोरं अगदी असंच करतात. कोणीतरी नाव सुचवायचं, गुन्ह्यांची जंत्री द्यायची, माणुसकीचा कण सापडतो का तो बाकीच्यांनी शोधायचा, मग मतदान. थॅनोसनं पोटच्यासारखी वाढवलेली मुलगी कड्यावरून ढकलली, पण ढकलताना डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी धरायचं की नाही, यावर रात्री जागवतात. जिभाऊ हरखले. “म्हंजे वर हायकोर्टबी शे!”

पण त्या हायकोर्टाकडं नसलेली एक गोष्ट जिभाऊंकडं होती. तिसऱ्या कलमाची त्यांची कसोटी. सगळ्यांचं बोलून झालं की ते हात वर करत आणि विचारत, “ते ऱ्हाऊ द्या. त्याले डबा कोन लई ई?”

याला कोर्टात डबा कोण आणील? बस, एवढंच. कोर्टाच्या व्हरांड्यात 31 वर्षं त्यांनी तेच बघितलं होतं. दरोड्यातला असो, खुनातला असो, तारखेच्या दिवशी जिन्याच्या कोपऱ्यात कोणीतरी फडक्यात भाकरी बांधून बसलेलं असायचंच. आई, नाही तर बहीण, नाही तर अख्ख्या गावानं ओवाळून टाकलेली बायको. पुकारा झाला की पहिली उठायची ती आरोपीच्या आधी.

या कसोटीवर मोठमोठे सुटले. दुर्योधनाला कर्ण आणील. शकुनीला गांधारी, डोळ्यांना पट्टी बांधून, चाचपडत, पण आणीलच. ‘रात्रीस खेळ चाले’तल्या अण्णा नाईकांवर फुईच्या भिशीत उभी फूट पडली होती. त्यांचा शेवंतावर जीव होता की नुसता लोभ, यावर तीन तारखा गेल्या. जिभाऊंनी एका वाक्यात मिटवलं : “माई शिव्या देत आणील, पन आणील.” गब्बरसाठी सांभा आणील असं कोणी म्हणालं, तेव्हा त्यांनी ते बाद केलं. भीतीचा डबा धरत नाहीत. ‘देवमाणूस’मधल्या डॉक्टरला तर सारं गाव जेवू घालील, तोही बाद, कारण फसवून मिळवलेला डबा डबा नव्हे. त्याच्या नावावर शिक्का बसला, ग्रुपमध्ये टाळ्यांचे अंगठे उमटले. पण 2021च्या डिसेंबरात मालिकेचा दुसरा भाग आला आणि जिभाऊंनी प्रकरण फेरतपासासाठी परत घेतलं.

म्हणजे यादीत उरले माझे वडील.

त्यांचा गुन्हा 1984च्या मे महिन्यातला. फुईच्या लग्नात कानपिळीला नवरीचा भाऊ म्हणून वडील पुढं झाले. रिवाज असा, की मेहुण्यानं नवरदेवाचा कान जरासा पिळायचा, मानाचं काहीतरी घ्यायचं आणि हसत बाजूला व्हायचं. वडिलांनी कान धरला तो सोडलाच नाही. टॉवेल-टोपी दाखवली, नको. रुपये दाखवले, नको. जिभाऊंच्या मनगटावरचं नवं कोरं एचएमटी उतरेपर्यंत पीळ वाढत गेला. सगळा मांडव हसत होता. आपल्याला तेव्हापासून डाव्या कानानं कमी ऐकू येतं, असं जिभाऊंचं म्हणणं. डॉक्टर म्हणतात, वय झालं. जिभाऊ म्हणतात, डॉक्टर मांडवात नव्हते.

पाचही कलमं त्यांनी लावून दाखवली. लग्नाच्या कथेत याहून भारी गुन्हा कोणता? कळत होतं का? मॅट्रिक पास होता. पस्तावा? अजून दर दिवाळीला तो किस्सा साभिनय सांगतो. हसवतो का? “लोकाले हसवतो. म्हाले नई.” आणि डबा? इथं फुई स्वयंपाकघरातून म्हणाली, “मी नेईन. भाऊ शे मन्हा.”

“जवळच्या नातेवाइकाची साक्ष ग्राह्य नाही,” जिभाऊ म्हणाले.

“मग गांधारी शकुनीची कोण होती?” मी विचारलं.

जिभाऊंनी डावा कान माझ्याकडं केला आणि ऐकू आलं नाही असं दाखवलं.

मागच्या हिवाळ्यात जिभाऊंचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी जेवणाची परवानगी दिली, पण दवाखान्याची पातळ खिचडी बघून जिभाऊंनी तोंड फिरवलं. दुपारी एकच्या सुमाराला दारात वडील उभे. एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर एसटीनं आलेले, मफलरवर धूळ, हातात चार कप्प्यांचा डबा. बामणोदची हिरवी वांगी त्यांनी स्वतः पहाटे पऱ्हाट्यांवर भाजली होती, लाकडी बडगीत ठेचली होती. मिरची जिभाऊंसाठी निम्मी, कांद्याची पात वेगळ्या पुडीत, आणि कळण्याच्या दोन भाकरी टॉवेलात गुंडाळलेल्या. तो टॉवेल अजून कोमट होता.

कोणी काही बोललं नाही. फुईनं डबा उघडला. धुराचा वास खोलीभर पसरला, तेव्हा शेजारच्या खाटेवरचा पेशंटसुद्धा उठून बसला. जिभाऊंनी पहिला घास घेतला, डोळे मिटून चावला. दुसरा घेतला. वडील उभेच होते. आरोपीला बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

शेवटी वडील खाटेजवळ गेले आणि वाकून म्हणाले, “दाजी, कसं झालंय?”

जिभाऊंचा हात झटकन वर गेला आणि डाव्या कानावर बसला. “तिकून ये,” ते म्हणाले. “त्या अंगानं.”

वडील खाटेला वळसा घालून उजव्या बाजूला गेले, स्टुलावर बसले. दोघांनी मिळून दुसरी भाकरी संपवली. वडिलांच्या मनगटावर ते एचएमटी होतं. जिभाऊंनी त्यात वेळ बघितली आणि गोळी मागितली.

संध्याकाळी त्यांनी मला रजिस्टर आणायला लावलं. वडिलांच्या नावाचं पान काढलं, खिशातलं निळं पेन घेतलं आणि शिक्क्याखाली, थरथरत्या पण सुवाच्य अक्षरात, रोजनामा लिहिला :

“आरोपी डबा घेऊन स्वतः हजर. भरीत तपासले. तेल कमी. निकाल राखून ठेवला.”